इंदुमतीबाईंचं औषध

इंदुमतीबाईंचं अपेंडिक्स त्या वर्षात सातव्यांदा निघत होतं.

"वजन किती टाकू?" औषधनिर्माती रेवती बोरकुटेनं विचारलं.

"टाका पंच्याण्णव," ठवरे सिस्टर म्हणाल्या. "दिवाळी झाली नं आत्ता. बाईनं चकल्यांवर काही हात आवरला नाही."

रेवतीनं हसत आकडा टाकला. पडद्यावर हिरवी रेघ सरकली आणि कपाटाएवढ्या यंत्राच्या पोटात पंपांची बारीक घुरघुर सुरू झाली. खालच्या मजल्यावर, दवाखान्याच्या पाळणाघरात, तिची रुई एव्हाना झोपली असेल. दहा महिन्यांची रुई उठायची वेळ झाली की रेवतीचा कुर्ता आपोआप ओला होई. त्यासाठी घड्याळ बघावं लागत नसे.

सावरखेडच्या सरकारी दवाखान्यात या यंत्राला सगळे 'चूल' म्हणत. त्याचं खरं नाव लांबलचक होतं आणि ते फक्त उद्घाटनाच्या दगडावर होतं. औषधाचा कारखाना म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोठाल्या टाक्या, वाफा, शिड्या येतात. चुलीत टाकी नव्हती. काचेच्या पाट्यांवर कोरलेल्या, केसाहून बारीक वाटा होत्या. दोन द्रव दोन वाटांनी यायचे, एका ठिकाणी भेटायचे, ठरलेल्या उष्णतेत ठरलेला वेळ सोबत चालायचे आणि तिसरंच काही होऊन बाहेर पडायचे. वाट इतकी अरुंद की उष्णता साठायला जागाच नाही. त्यामुळे भडका उडत नाही, काही करपत नाही. शेवटी प्रत्येक थेंबातून प्रकाशाचा किरण जाई. थेंबानं त्यातले कोणते रंग गिळले यावरून तो किती शुद्ध आहे ते कळे. शुद्ध नसेल तो थेंब चूल स्वतःच फेकून देई.

चूल आली ती टंचाईमुळे. काही वर्षांपूर्वी देशात फाशीचा दोर गेला आणि सुई आली. दोरापेक्षा सुई माणुसकीची, असं सगळ्यांचं मत पडलं. तीन इंजेक्शनं द्यायची. पहिलं झोपेचं, दुसरं स्नायू लुळे करणारं, तिसरं हृदय थांबवणारं. झोपेचं औषध होतं निद्रल, आणि तेच निद्रल देशातल्या प्रत्येक ऑपरेशनला लागायचं. त्याचा कच्चा माल परदेशातून येई. तिथल्या लोकांनी सांगितलं, आमच्या औषधानं माणूस मारणार असाल तर आमचा माल मिळणार नाही. एकामागून एक देशांनी हात आखडले. इथल्या कारखान्यांनीही परदेशातली गिऱ्हाइकं जातील या भीतीनं निद्रल बनवणं बंद केलं. दार लावलं जेलसाठी आणि त्यात बोटं चेमटली दवाखान्यांची. सावरखेडला एक सबंध उन्हाळा असा गेला की हाताचं हाड मोडलेल्या पोरांना चारचार माणसांनी धरून हाड बसवलं. ठवरे सिस्टर त्या उन्हाळ्याबद्दल बोलत नसत.

मग डॉक्टरांच्या एका जागतिक संघटनेनं ही यंत्रं वाटली. कच्च्या मालाच्या बंद डब्यांसकट, पण दोन अटींवर. पहिली अट अशी की यंत्र फक्त रुग्णाच्या नावानं चालेल. नाव, वजन, ऑपरेशन टाकल्याशिवाय एक थेंब मिळणार नाही. दुसरी अट खुणेची. प्रत्येक यंत्राच्या औषधात काही अणू जरासे जड असत, आणि ते कुठल्या जागी बसलेत हे यंत्रागणिक वेगळं. शरीराला त्याचा काही फरक पडत नसे, पण लुगड्याच्या काठावरून गाव ओळखावं तसं रक्ताच्या थेंबावरून यंत्र ओळखता येई. देहदंड झालेल्या माणसाच्या रक्तात ती खूण सापडली, की ते यंत्र कायमचं बंद.

यात एक अडचण होती. चुलीवर औषध शिजायला दोन तास लागत आणि रक्तस्राव होणारी बाळंतीण दोन तास थांबत नसे. हाताशी चार कुप्या हव्यातच. पण चूल नावाशिवाय पेटत नव्हती. म्हणून कधीतरी कुणीतरी इंदुमती हे नाव टाकलं. तिच्या कुप्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात राहत. मुदत संपली की ओतून द्यायच्या आणि बाईंना पुन्हा ॲडमिट करायचं. हळूहळू तिला नवरा आला, चहाडखोर जाऊ आली, गोडाचा सोस आला. तिच्या औषधानं त्या वर्षी कितीतरी बाया आणि लेकरं वाचली. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

निदान रेवतीला तसं वाटत होतं.

त्या दिवशी दुपारी सिव्हिल सर्जन डॉक्टर कानफाडे स्वतः चुलीच्या खोलीत आले. सोबत सावरखेड जेलचे अधीक्षक तायवाडे होते. उंच, थकलेल्या खांद्यांचा माणूस. हातात थर्मासच्या आकाराचा डबा.

"बोरकुटे मॅडम, साहेबांचं एक काम होतं," कानफाडे म्हणाले. "जरा एक थेंब तपासून द्या."

डब्यात बर्फ वितळून पाणी झालेलं होतं आणि त्यात एक कुपी तरंगत होती. वरची चिठ्ठी खरवडलेली. रेवतीनं थेंब चुलीच्या किरणाखाली धरला. पडद्यावर एकच उंच सुळका यायला हवा होता. आल्या त्या बुटक्या टेकड्या.

"यात निम्मंसुद्धा निद्रल नाही, सर. फार जुनं आहे, नाहीतर उन्हात राहिलंय."

"पण माणूस झोपेल ना?" तायवाडेंनी विचारलं.

"झोपेल. थोडा वेळ."

"आणि मग?"

रेवतीला प्रश्न आत्ता कळला. तिनं कुपी खाली ठेवली. "मग जाग येईल. पण तोवर दुसरं इंजेक्शन दिलेलं असेल. हात हलणार नाही, पापणी हलणार नाही. आत काय चाललंय ते त्याला सांगता येणार नाही."

तायवाडे खुर्चीवर बसले. "माहीत आहे मला," ते म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका जेलात झालं तसं. मी होतो तिथं. चेहरा अगदी शांत होता, मॅडम. फक्त डोळ्यांतून पाणी येत होतं. बाहेर येऊन आमच्या साहेबांनी पत्रकारांना सांगितलं, सगळं शांतपणे पार पडलं."

त्या प्रकरणानंतर कोर्टानं नियम केला होता. आधी न्यायाधीशांनी औषध पाहायचं, आणि ते शुद्ध आहे का, कुठून आलं, हे एका औषधनिर्मात्यानं शपथेवर सांगायचं. नंतर घरच्यांनी मागितलं तर रक्ताचा नमुना त्यांच्या हवाली करायचा.

"शुक्रवारी न्यायाधीश येतायत," कानफाडे म्हणाले. "आणि शुद्ध औषध जिल्ह्यात फक्त आपल्याकडे आहे."

"चूल रुग्णाच्या नावाशिवाय पेटत नाही, सर."

"इंदुमतीबाई आहेत की," तायवाडे म्हणाले.

रेवतीनं दचकून कानफाडेंकडे पाहिलं.

"आमचा एक कैदी हर्नियासाठी तुमच्या वॉर्डात होता," ते म्हणाले. "दाराशी शिपाई दिवसभर बसून. त्याला ऐकण्याशिवाय काम काय? तुमच्यावर ठपका ठेवायला नाही आलो मी. चांगलंच करता तुम्ही. बाईंचं वजन जरा आणखी वाढवा, एकदोनदा जास्तीचं ॲडमिट करा. भागेल."

ठवरे सिस्टरांचा विनोद त्या माणसाच्या तोंडून ऐकताच रेवतीनं चुलीचा पडदा विझवला.

"आणि खूण?"

"घरचे नमुना मागतील तर ना. ज्याला हे द्यायचंय, त्याला एक आईच आहे. ती मागणार नाही." तायवाडे उठले. "अजून काही जण रांगेत आहेत, मॅडम. औषधावाचून अडलंय त्यांचं. एकदा हे जमलं की बाकीचं मार्गी लागेल."

नळयोजनेबद्दल बोलावं तसं ते बोलले. ते वाईट मनाचे नव्हते. त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

"तुम्ही काही नाही पुरवलं तर आमच्याकडे हेच आहे," जाताना ते म्हणाले आणि ती कुपी डब्यात ठेवून घेऊन गेले.

घरी तिचा नवरा हेमंत रुईला वरणभात भरवत होता. तो वीज उपकेंद्रावर होता. त्याची पहाटपाळी असली की संध्याकाळ रुईची. सगळं ऐकून होईपर्यंत त्यानं रुईच्या कपाळावरचं शीतसुद्धा काढलं नाही.

"देऊन टाक," तो म्हणाला.

"इतकं सोपं आहे?"

"अवघड काय आहे? वरून सांगितलंय. सुई तू टोचणार नाहीस. मी तारेत वीज सोडतो, कुणी तिला हात लावून मेला तर मी मारला का?"

"तो हात लावणार आहे हे तुला आधी सांगितलं असेल तर?"

हेमंतनं भाताची वाटी खाली ठेवली. मग हळू म्हणाला, "रेवा, त्यानं काय केलंय विसरलीस? आठ वर्षांचं पोर पळवलं, पैसे घेतले आणि तरी विहिरीत टाकलं. त्याच्या अपिलाचा निकाल लागला तेव्हा तू पोटुशी होतीस. बातमी लागली की टीव्ही बंद करायचीस."

ती विसरली नव्हती. त्या मुलाचा शाळेतला फोटो तिला अजून दिसे. डोळे मिटले की हटकून.

"मला त्याची दया नाही येत," ती म्हणाली. "खरं सांगते. मला चुलीची काळजी आहे. आणि उद्या रांगेतल्या दुसऱ्यासाठी माणूस येईल, परवा तिसऱ्यासाठी. मग मी सकाळी लेकरांचं औषध करायचं आणि दुपारी त्यांचं?"

"आणि नाही दिलंस तर? ते सडकं औषध देतील. ते चालेल तुला?"

रुईनं मूठभर भात बापाच्या शर्टाला पुसला. दोघांपैकी कुणी हसलं नाही. त्या रात्री रुईला पाजायला घेतलं तर ती रडून रडून लाल झाली. दूध उतरतच नव्हतं. "आई घाबरली की लेकराला कळतं," असं रेवतीची आई म्हणायची. रेवतीला ते तेव्हा खोटं वाटे.

दुसऱ्या दिवशी औषधाच्या खिडकीवरची रांग संपली तरी एक म्हातारी बाकावरून उठली नाही. हिरवं लुगडं, पायात रबरी चपला, मांडीवर रिकामी पिशवी.

"मावशी, कागद द्या तुमचा."

"माह्याजवळ कागद नाही व बाई. म्या प्रणयची माय."

प्रणय कोण, असं विचारायला रेवतीनं तोंड उघडलं आणि तिला पेपरातलं नाव आठवलं. तिनं बाजूचं दार उघडून बाईंना आत घेतलं. कौतिकाबाई नाव त्यांचं. त्यांना बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. त्यांनी पाणी घटाघटा पिऊन पेला पदरानं पुसून परत दिला.

"चांगलं औषध तुमच्याजवळ हाय म्हणते."

"तायवाडे साहेबांनी पाठवलं तुम्हाला?"

"नाही व. म्याच इचारलं त्याईले, दुखन का म्हणून. लय येळ काही बोललेच नाही. मंग म्हणे, चांगलं औषध भेटलं तर नाही दुखत. कुठी भेटते, तर म्हणे दवाखान्यात." कौतिकाबाईंनी पिशवीची घडी घातली, मोडली. "रक्त मागत नाही म्हणून अंगठा देऊन आली म्या. तुमाले तरास नाही होणार."

रेवतीनं औषधाची खिडकी लावून घेतली.

"म्या पार वरच्या कोर्टालोक अर्ज केले," म्हातारी म्हणाली. "आता नाही करत. त्यानं त्या लेकराले मारलं, ते खरं हाय. म्या त्याच्या मायच्या दारात गेली होती पाया पडाले. तिनं दार नाही उघडलं. बराबर केलं. म्या बी नसतं उघडलं." ती थांबली. "जाऊ दे त्याले. पण तडफडू नये. ल्हानपणी सुई पाहून पये तो. दोघंदोघं धरत त्याले."

"मावशी, ऐका. माझ्या औषधानं हे झालं आणि कुठे कळलं, तर हे यंत्र बंद करतील. मग वरच्या वॉर्डातल्या लेकरांना ऑपरेशनच्या वेळी झोपवायचं कसं?"

कौतिकाबाईंनी चुलीकडे पाहिलं.

"कळन कसं? म्या तर सांगत नाही."

रेवतीनं रिकामा पेला धुऊन जागेवर ठेवला.

"तुमाले लेकरू हाय?"

"आहे. मुलगी."

"सुई देतानी धरता नं तिले?"

"धरते."

"मंग," म्हातारी म्हणाली. पिशवी काखेत मारून ती उठली आणि दार स्वतःच ओढून घेऊन गेली.

रेवतीनं चुलीत नवा डबा बसवला. हात सवयीनं चालत होते. नाव: इंदुमती. वजन: तिनं एकशे दहा टाकलं, चुलीनं कुरकूर केली नाही. ऑपरेशन: अपेंडिक्स. मग नेहमीचा पुढचा रकाना आला. यंत्राला औषधाचं माप काढायला तो लागे: 'रुग्णाला जाग येण्याची वेळ.'

आजवर या रकान्याकडे कुणी धड पाहिलंसुद्धा नव्हतं. ठवरे सिस्टर म्हणायच्या, टाका चारची, बाईंना चहा लागतो. रेवतीची बोटं कळफलकावर थांबली. काहीतरी टाकायचं होतं फक्त. कुठलाही आकडा. इंदुमतीबाई आजवर प्रत्येक वेळी उठल्या होत्या, चहा पिऊन जावेशी भांडायला घरी गेल्या होत्या. तिनं चार लिहिलं, खोडलं, पाच लिहिलं, खोडलं. कर्सर लुकलुकत राहिला. शेवटी तिनं डबा काढला आणि चूल बंद केली.

औषध करायचं नाही, हे तेवढ्यापुरतं ठरलं. पण नुसतं न करण्यानं ती सुटत नव्हती. तायवाडेंच्या डब्यात ती कुपी होतीच. शुक्रवारी रेवती गप्प बसली असती, तर दुसरा कुणी औषधनिर्माता शोधून त्याच्याकडून 'ठीक आहे' म्हणवून घेतलं असतं, आणि एक चेहरा पुन्हा शांत दिसला असता.

तिनं ठवरे सिस्टरांना लिनन रूममध्ये गाठलं आणि सांगितलं.

"म्हणजे तुम्ही इंदुताईचं सांगणार? जजसमोर?" सिस्टरांच्या हातातली चादर खाली पडली. "अहो मॅडम, माझी पेन्शन तोंडावर आली. काहून जिवावर उठून राहिल्या?"

"फक्त माझं नाव घेईन मी."

"अन् चूल? चौकशी लागली की चूल थंडी. तो उन्हाळा तुम्ही नव्हता पाहिला. मी धरले आहेत पोरं. माझ्या या हातांनी." त्यांनी हात पुढे केले. "एका खुन्यापायी?"

"त्याच्यापायी नाही, सिस्टर. आज त्यांनी आपली इंदुताई मागितली. उद्या ती त्यांचीच होईल. मग आपल्या फ्रीजमधली कुपी कुणासाठी आहे ते आपल्यालाच सांगता येणार नाही."

ठवरे सिस्टर चादर उचलून पुन्हा घडी घालायला लागल्या. कोपऱ्याला कोपरा जुळेना.

शुक्रवारी कानफाडेंच्या केबिनमध्ये टेबलावर दोन कुप्या ठेवल्या होत्या. जेलनं आणलेली आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यातली. नवीन औषध झालं नाही म्हणून कानफाडेंनी सकाळीच आदळआपट केली होती. मग आहे तेवढंच दाखवू, पुढचं पुढे, असं ठरलं. न्यायाधीश पाथ्रडकर मॅडम चष्मा पुसत बसल्या होत्या. चहा आला होता आणि कुणी घेतला नव्हता.

"शपथेवर बोलताय, लक्षात आहे ना? ही पहिली कुपी?"

"खराब आहे, मॅडम. माणूस पूर्ण झोपणार नाही. मी तपासलंय, पुन्हा तुमच्यासमोर तपासून दाखवते."

तायवाडे खिडकीबाहेर बघत होते.

"आणि दुसरी?"

"शुद्ध आहे."

"कुठून आली?"

कानफाडेंनी घसा खाकरला. "रुग्णालयाच्या साठ्यातली आहे, मॅडम."

"मी त्यांना विचारतेय."

खाली रुई उठली असणार. कुर्ता ओला होत होता आणि रेवतीनं ओढणी पुढे घेतली.

"ती इंदुमती नावाच्या रुग्णाच्या नावानं केलीय. अशी कुणी बाई नाही. आम्हाला, म्हणजे मला, तातडीच्या केसेससाठी शिल्लक औषध हवं होतं. म्हणून मी खोटं नाव टाकून ते काढत आले. चोरीचंच आहे ते. अशा औषधाला मी शपथेवर कायदेशीर म्हणू शकत नाही."

"बोरकुटे!" कानफाडे उभे राहिले.

"तुम्हाला कळतंय तुम्ही काय बोलताय?" पाथ्रडकरांनी विचारलं.

"हो."

दाराजवळ औषधांचा ट्रे धरून ठवरे सिस्टर उभ्या होत्या. त्यांना तिथं कुणी बोलावलं नव्हतं. "वजन मी वाढवायला लावलं, साहेब," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "आधी सत्तरच होतं बाईचं." आणि त्यांना रडू फुटलं.

न्यायाधीशांनी दोन्ही कुप्यांवर सील लावायला सांगितलं. देहदंड पुढे ढकलला. नवी तारीख दिली नाही. जाताना तायवाडे रेवतीपाशी थांबले. ती ओरडा खायच्या तयारीत होती. "मला वाटलं होतं, निदान या खेपेला..." एवढंच म्हणून ते निघून गेले.

रेवती निलंबित झाली. सिस्टरांना ताकीद मिळाली आणि पेन्शनचं घोंगडं भिजत पडलं. संघटनेनं चूल चौकशी होईपर्यंत बंद ठेवली. कायमची नाही, असं कळवलं. कधी उघडणार, ते कळवलं नाही. त्या आठवड्यात भूल लागेल अशी तीन लेकरं ॲम्ब्युलन्सनं मोठ्या शहरात पाठवली. तीनही वाचली. चौथ्याचं वाटेत काय होईल, या विचारानं रेवती दर भोंग्याला खिडकीपाशी जाई. वॉर्डातल्या एका बाईनं तिला गेटवर अडवून सांगितलं, "तुमचं पोर आजारी पडू दे, मग समजेल." हेमंतनं ते ऐकलं. त्या दिवसापासून रुईला कडेवर घेऊन तो रेवतीच्या डाव्या हाताला, रस्त्याच्या बाजूनं चालू लागला.

किल्ल्या जमा करायला ती दवाखान्यात गेली तेव्हा रुई तिच्या कडेवर होती. गेटजवळच्या कडुलिंबाखाली कौतिकाबाई बसल्या होत्या. त्यांना टाळता आलं असतं. रेवती शेजारी जाऊन बसली.

"तारीख नाही म्हणते," म्हातारी समोर बघत म्हणाली.

"नाही."

"कधी येईन?"

"मला नाही माहीत, मावशी."

"म्या रडून घेतलं होतं व सगळं. भांडे घासून पालथे घातले. आता घरी जाऊन काय करू, तेबी ठरवलं होतं." तिचा आवाज चढला. "अन् तुमी म्हणता माहीत नाही. रोज सकाळी उठून पुन्हा तेच? तुमी त्याले वाचवलं नाही, बाई. तुमी मले पुन्हा वाट पाहत बशवलं."

माफी मागावी तर कशाची, हे रेवतीला सांगता आलं नसतं. रुईनं हात लांब करून म्हातारीची करंगळी पकडली आणि तोंडाकडे ओढली. कौतिकाबाईंनी बोट सोडवून घेतलं नाही. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, मग दुसरा.

"शनिवारी भेट असते," म्हातारी म्हणाली. "घरचं खायाले चालते. मागच्या बारीले म्हणे, माय, लिंबाचं लोणचं आण. म्या म्हटलं, यंदा घातलंच नाही रे. कोनासाठी घालू? अन् घातलं तरी मुरायले महिना लागते." तिनं पहिल्यांदाच रेवतीकडे पाहिलं. डोळे अगदी कोरडे, आणि त्यात एक घाबरलेला हिशेब. "तुमी शिकल्या हाय. सांगा नं. घालू का?"

कोर्टाला सुट्ट्या कधी, वरून पत्र यायला किती लागतं, जेलवाले कुठून तरी दुसरी कुपी किती दिवसांत आणतील, यातलं काहीच रेवतीला ठाऊक नव्हतं. माहीत नाही, हे शब्द तिच्या ओठांवर आले होते.

"घाला," ती म्हणाली. "आजच घाला."

"आज?" म्हातारी गडबडीनं उठली, पदर खोचला, पिशवी झटकली. "मंग बाजार उठन व. पातळ सालीचे लिंबं सकाळीच संपतात." आणि ती रस्ता ओलांडून भराभर चालायला लागली.